मी रोज वापरते

दोन हजार डब्यांवर माझा फोटो छापला गेला, त्याला कारण एवढंच की मी सकाळी नऊ वाजेपर्यंत बोलत नाही.

हे काही फार मोठं तप नव्हे. उठायचं, देवासमोर बसायचं, नाम घ्यायचं आणि घड्याळात नऊ वाजेपर्यंत तोंड उघडायचं नाही, इतकाच नेम. हातातली कामं चालू असतात, फक्त बोलणं बंद. दुसरा नेम खोटं न बोलण्याचा, तो दिवसभराचा. लोकांना वाटतं दुसरा अवघड असेल. तसं नाही. पहिलाच अवघड, कारण ज्या गोष्टीला मी नाही म्हणेन अशी घरच्यांना शंका असते, ती गोष्ट त्यांना नेमकी साडेआठला आठवते. आमच्याकडचा तपकिरी सोफा साडेआठचा आहे. माझ्या नणंदबाई, ज्यांना मी वन्सं म्हणते, त्यांनी 'दोन महिने तुमच्याकडे राहते हं वहिनी' असं सांगितलं तेही साडेआठलाच. त्याला आता चौथं वर्ष लागलं.

तर एका सकाळी साडेआठला आमचे हे एका फोटोग्राफरला घेऊन घरात आले. मी ओट्यापाशी उभी होते. फोटोग्राफरने माझ्या हातात एक फिकट जांभळा डबा दिला आणि म्हणाला, "वहिनी, जरा हसा." मी दुसरा हात वर केला. त्याचा अर्थ होता, 'थांबा, हे काय चाललंय?' तेवढ्यात खटकन आवाज झाला.

"वा!" फोटोग्राफर म्हणाला. "काय सहज आलंय! जणू मैत्रिणीला हाक मारताहेत."

"ती आहेच तशी," हे म्हणाले. "साधी."

नऊला दहा मिनिटं कमी असताना दोघंही निघून गेले. नऊ वाजता मी विचारलं, "हे काय होतं?" ऐकायला फक्त वन्सं होत्या. त्या म्हणाल्या, "मला काय विचारता? मी म्हटलं होतं दादाला, केस तरी नीट करू दे तिला."

यांचा कारखाना हातअवजारांचा. स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, पाने, हातोड्या. हे तिथे विक्री खात्यात सव्वीस वर्षं आहेत. जुने मालक थकले आणि मुलाला साहेब करून घरी बसले. या नव्या साहेबांनी पहिल्याच बैठकीत एक शोध जाहीर केला. जगातली निम्मी माणसं बायका आहेत आणि त्या आपला माल घेत नाहीत. मग बायकांना काय हवं असतं यावर सहा पुरुषांची बैठक बसली. हे त्या सहांपैकी एक, म्हणून मला सगळं समजलं. प्रत्येकाने आपापल्या बायकोविषयीच्या तक्रारी सांगितल्या आणि त्या तक्रारींतून माल तयार झाला. एक म्हणाला, आमच्या हिला जड काही उचलवत नाही. म्हणून हातोडी अक्रोड फुटेल न फुटेल इतक्या वजनाची केली. दुसरा म्हणाला, आमची तास तास आरशासमोर असते. म्हणून डब्याच्या झाकणाला आतून आरसा बसवला. तिसऱ्याच्या बायकोला तेलाचा वास सहन होत नाही, म्हणून मुठींना गुलाबाचा वास दिला. रंग फिकट जांभळा, कारण साहेबांच्या होणाऱ्या बायकोची पर्स त्या रंगाची होती. नाव ठेवलं 'कोमल संच'.

"आणि तुम्ही काय सांगितलंत?" मी विचारलं.

"मी म्हटलं, आमच्या हिची काही तक्रारच नसते." हे म्हणाले. "साहेबांना ते फार आवडलं."

बायकांना विचारल्याशिवाय माल बाजारात आणायचा नाही, असंही साहेबांनी बजावलं होतं. म्हणून एक चार पानी प्रश्नावली तयार झाली. ती यांनी अर्थातच साडेआठला आणली, टेबलावर पसरली, दोन मिनिटं माझ्याकडे पाहिलं आणि स्वतःच भरली. रंग आवडला का? आवडला. आकार? सोयीचा. तक्रार? नाही. पुढे अहवालात छापून आलं, 'विचारलेल्या सर्व महिलांनी पसंती दर्शवली.' सर्व महिला म्हणजे मी.

यात हसण्यासारखं बरंच होतं. पण मला हसू येईना, त्याला कारण खुर्ची. सव्वीस वर्षं हे चौदा जणांच्या हॉलमध्ये, येण्याजाण्याच्या वाटेवर, बिनहातांच्या खुर्चीवर बसले. जाणारा येणारा प्रत्येक जण यांच्या टेबलाला धक्का देऊन जायचा. आता 'महिला विभाग प्रमुख' म्हणून त्यांना तीन बाजूंनी पार्टिशन, दारावर पाटी आणि हातांची खुर्ची मिळाली होती. पहिल्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी जेवताना दोन्ही कोपरं हवेत टेकवून दाखवली, कशी टेकतात ते. पण साहेबांनी मुदत घातली होती. तीन महिन्यांनी महिलांसाठीच्या वस्तूंचं मोठं प्रदर्शन आहे, त्यात कोमल संच चालला तर विभाग राहील. नाही चालला तर विभाग बंद, आणि निवृत्तीपर्यंतची उरलेली दोन वर्षं गोदामात.

"गोदाम तसं वाईट नसतं," हे म्हणाले. "शांत असतं."

थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "शांत असतं तसं."

दीड महिन्याने छापलेले डबे आले. यांनी एक घरी आणला आणि जेवणाच्या टेबलावर मधोमध ठेवला. झाकणावर मी, हात वर केलेली, आणि माझ्या तोंडापाशी गोल फुगा. त्यात लिहिलं होतं, 'मी रोज वापरते!'

मी तो फुगा दोनदा वाचला. "अहो, मी असं कधी म्हटलं?"

"म्हटलं नाहीस. पण जाहिरातीत लिहितात तसं."

"मी रोज वापरत नाही. एकदाही वापरलेला नाही."

"अगं, कोण बघायला येतंय? दोन हजार छापून झालेत."

वन्सं चष्मा लावून डबा निरखत होत्या. "फोटो बरा आलाय हं वहिनी. दोन हजार वेळा खोटं बोलताना माणूस इतकं प्रसन्न दिसत नाही."

हे वाक्य मला फार लागलं. खोटं एकदा बोललं तर प्रायश्चित्त घेता येतं. दोन हजार डब्यांतून, घरोघरी जाऊन, रात्रंदिवस बोलल्या जाणाऱ्या खोट्याचं काय करायचं, हे मला माहीत असलेल्या कुठल्याही पोथीत नाही. डबे परत छापायला सांगावं तर यांची खुर्ची जाते. मी देवासमोर थोडा वेळ बसले. मग मला जाणवलं की यातून एकच सरळ वाट आहे. वाक्य बदलता येत नसेल तर ते खरं करता येईल.

"उद्यापासून मी हा रोज वापरणार," मी म्हटलं.

"रोज कशाला?" हे दचकले. "पहिल्या पंधरवड्यात एकदा..."

"'रोज' छापलंय."

पहिल्या दिवशी कपाटाच्या दाराचा स्क्रू घट्ट केला. दुसऱ्या दिवशी तव्याची मूठ. तिसऱ्या दिवशी भिंतीत खिळा ठोकायला हातोडी घेतली, तर तिसऱ्या ठोक्याला तिचं डोकं निघून आरशावर पडलं आणि आरसा तडकला. चौथ्या दिवशी खुर्चीचा पाय, पाचव्या दिवशी खिडकीचा अडसर. स्क्रू ड्रायव्हरची मूठ नखाएवढी असल्यामुळे ती चिमटीत धरावी लागे आणि हात ओला असला की ती बोटांतून सुटून गॅसखाली जाई. गुलाबाचा वास मात्र सुटत नसे. भाजीला, चहाला, पोथीच्या पानांना, सगळ्याला तो लागला. नवव्या दिवशी घरात एकही सैल स्क्रू उरला नाही.

"आता एक ढिला करा आणि परत पिळा," वन्सं म्हणाल्या. "काय बिघडतंय?"

बिघडत होतं. आपणच ढिलं करायचं आणि आपणच घट्ट करायचं, याला वापर म्हणत नाहीत, चाळा म्हणतात. मी डबा घेऊन समोरच्या दारात गेले.

समोर एक परिचारिका राहतात. सगळे त्यांना सिस्टर म्हणतात. दिवसपाळी आटोपून आल्या होत्या, पाय गरम पाण्याच्या बादलीत होते. मी विचारलं, "तुमच्याकडे एखादा सैल स्क्रू आहे का?"

त्यांनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं. दवाखान्यात त्यांना तऱ्हेतऱ्हेची माणसं भेटतात. "बसा," त्या म्हणाल्या. "पाणी देऊ?"

मी सगळं सांगितलं. तेव्हा त्या इतक्या हसल्या की बादली सांडली. त्यांच्या दिवाणाचा एक कोपरा दोन वर्षं करकरत होता. मी कोमल लावला. तो तीनदा घसरला. चौथ्यांदा सिस्टर उठल्या आणि कपाटातून एक लांब, काळ्या मुठीचा स्क्रू ड्रायव्हर काढून आणला. "माझ्या बाबांचा. याने बघा." मूठ पंजात भरली, टोक खाचेत बसलं आणि स्क्रू मुकाट्याने आत गेला. पात्यावर ठसा होता आमच्याच कारखान्याचा.

नेमाचा प्रश्न उभा राहिला. डब्यावर कोमल होता आणि काम काळ्याने झालं होतं. विचार करून मी असं ठरवलं की पहिला वेढा कोमलने द्यायचा, बाकीचे काळ्याने. त्यामुळे वाक्यही खरं राहील आणि दिवाणही घट्ट. सिस्टरांनी काळा मला देऊनच टाकला. "तुमच्याकडे रोज कामाला येईल. माझ्याकडे झोपून असतो."

इमारतीत बातमी पसरायला दोन दिवस लागले, पण ती वेगळीच पसरली. मी रोज एक स्क्रू पिळण्याचं व्रत घेतलं आहे, अशी. वरच्या मजल्यावरच्या काकू खाली आल्या आणि आवाज उतरवून म्हणाल्या, "किती दिवसांचं असतं हो हे?"

"डबे संपेपर्यंत."

"आणि कशासाठी करतात?"

"यांच्या खुर्चीसाठी."

काकूंनी हात जोडले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरातून ठोकाठोकीचा आवाज यायला लागला. त्यांच्या यजमानांचीही बढती अडली होती.

मग रोज कोणी ना कोणी यायचं. कुणाचं ड्रॉवर अडकलेलं, कुणाच्या नळाची चावी फिरत नाही, कुणाच्या कपाटाचं दार नवरा 'रविवारी बघू' म्हणून सात महिने बघत होता. माझं काम बघून त्या स्क्रू ड्रायव्हर मागायच्या, आणि कोमल दिला की परत द्यायच्या. "हा नको हो, तो काळा द्या."

तळमजल्यावर मोजमापकाका राहतात. निवृत्त इंजिनिअर, खिशात मोजपट्टी असल्याशिवाय ते दुधालासुद्धा जात नाहीत. त्यांनी कोमल हातात घेतला, मोजला, वास घेतला आणि विचारलं, "हा कुणी बनवला?"

"बायकांसाठी खास आहे," मी म्हटलं.

"बाई, स्क्रूला कळत नाही त्याला कोण पिळतंय. त्याला आटे असतात, भावना नसतात." त्यांनी मूठ पुन्हा मोजली. "पोलादही नरम दिसतंय. यजमानांना सांगा, उशीर व्हायच्या आत."

मी यांना सांगितलं. काळा दाखवला, बायका काय म्हणतात तेही सांगितलं. हे बराच वेळ काळा उलटसुलट करून पाहत राहिले. "हा अजून बनतो," ते म्हणाले. "यादीत शेवटच्या पानावर आहे, फोटोशिवाय. पण साहेबांना कसं सांगायचं? सगळ्या महिलांनी पसंती दिलीय असा अहवाल माझ्याच सहीचा आहे."

वन्सं आतून म्हणाल्या, "सगळ्या महिला तुझ्यासमोर उभ्या आहेत, दादा. विचार की."



प्रदर्शनाची परवानगी काढायला मलाच जावं लागलं, कारण अर्जदार महिला असावी असा नियम होता. खिडकीमागे एक बाई होत्या, समोर शिक्क्यांची रांग. त्यांनी अर्ज वाचला आणि पेन खाली ठेवलं.

"स्क्रू ड्रायव्हर? ही अवजारं झाली. आमच्याकडे महिलोपयोगी वस्तू असतात."

"महिलांनीच वापरायचे आहेत."

"यादीत बघा ना. कपडे, स्वयंपाकघर, विणकाम, सौंदर्य प्रसाधनं. अवजारं औद्योगिक प्रदर्शनात. ते पुढच्या वर्षी, आणि तिथे महिलांचे स्टॉल नसतात."

मी दुसऱ्या खिडकीवर गेले. तिथून तिसऱ्या. तिसरीने पुन्हा पहिलीकडे पाठवलं. पहिलीच्या बाईंना माझी दया आली असावी. त्यांनी डबा उघडला. "हे काय आहे? आरसा?"

"हो."

"मग असं सांगा ना!" त्यांनी शिक्का मारला. "सौंदर्य प्रसाधनं. स्टॉल नंबर एकेचाळीस."

मी म्हटलं, "पण तो सौंदर्यासाठी नाही."

"आरसा आहे की नाही?"

"आहे."

"मग माझ्या दृष्टीने तुम्ही खरं बोललात." त्यांनी पुढच्या माणसाला हाक मारली. मी वाटेत फार विचार केला, पण त्यात खोटं कुठे होतं ते काही मला सापडलं नाही.

स्टॉल नंबर एकेचाळीस, म्हणजे एका बाजूला नेलपॉलिश आणि दुसऱ्या बाजूला केस वाळवायची यंत्रं. पहिल्या दिवशी आमच्याकडे पुष्कळ गर्दी झाली. सगळ्या जणी झाकण उघडून आरशात बघायच्या, केस सारखे करायच्या आणि पुढे जायच्या. एकीने पक्कड उचलून विचारलं, "भुवयांची का ही?" दुसरीने मुठीचा वास घेतला आणि म्हणाली, "अत्तराची बाटली वेगळी मिळेल का?" एक मुलगी माझ्याकडे आणि डब्याकडे आळीपाळीने पाहत राहिली. "तुम्हीच ना या? खरंच रोज वापरता?"

"हो," मी म्हटलं. "आज अठ्ठेचाळिसावा दिवस."

"मग हात दाखवा."

मी हात दाखवला. अंगठ्याशी कोमलने पाडलेला घट्टा होता. तिने डबा हळूच परत ठेवला.

दोन दिवसांत सात डबे गेले. त्यांतले तीन वन्सं घेऊन गेल्या, मैत्रिणींना द्यायला. कोणत्या मैत्रिणींना, ते मी विचारलं नाही. यांनी स्टॉलचं कापड चार वेळा सारखं केलं. तिसऱ्या दिवशी साहेब येणार होते आणि त्याच दिवशी विभागाचा निकाल लागणार होता. जेवताना यांनी मला विचारलं, "गोदामात ऊन येतं का गं दुपारी? तू एकदा आली होतीस ना?"

"येतं," मी म्हटलं. "पश्चिमेची खिडकी आहे."

तिसऱ्या दिवशी अकरा वाजता साहेब आले. वय एकतीस, बोलणं भराभर. त्यांनी सात हा आकडा ऐकला, कपाळाला हात लावला आणि यांना जरा बाजूला घेतलं. तेवढ्यात हॉलच्या मागच्या बाजूने आरडाओरडा ऐकू आला. बायकांच्या स्वच्छतागृहात कुणीतरी अडकलं होतं. दाराची आतली मूठ निखळून हातात आली होती आणि कडी फिरत नव्हती. इमारतीचा दुरुस्तीवाला जेवायला गेला होता. नेलपॉलिशवालीने आमच्याकडे बोट दाखवलं. "अहो, अवजारं तर तुमच्याकडेच आहेत की!"

साहेबांचे डोळे चमकले. "काकू, जा! याहून चांगलं प्रात्यक्षिक कुठे मिळणार?"

मी डबा घेऊन निघाले. माझ्यामागे पन्नासेक बायका. साहेब आणि हे बोळाच्या तोंडाशी, 'महिला' लिहिलेल्या पाटीखाली, सभ्यपणे पाठ करून उभे राहिले.

"कोण आहे आत?" मी विचारलं.

"मी. परवानगी विभाग." तो खिडकीतल्या बाईंचा आवाज होता. "कोण तुम्ही?"

"स्टॉल नंबर एकेचाळीस."

"तुम्ही सौंदर्य प्रसाधनांत आहात. तुम्हाला दुरुस्तीची परवानगी नाही." मग कडीची खडखड. "पण उघडा."

बाहेरच्या मुठीची पट्टी चार स्क्रूंवर बसवलेली होती आणि त्यांवर रंगाचे तीन थर. मी कोमल लावला. पहिल्या वेढ्याला मूठ घसरली. दुसऱ्या वेढ्याला कट् असा आवाज आला आणि पात्याला पीळ पडला, ओल्या कपड्याला पडतो तसा. मी तो सगळ्यांसमोर वर धरला, लपवण्यात काही अर्थ नव्हता. मग पिशवीतून काळा काढला. चार स्क्रू, चार मिनिटं. पट्टी निघाली, आत बोट घालून कडी सरकवली, दार उघडलं. परवानगी विभाग घामाघूम होऊन बाहेर आला आणि माझ्या गळ्यात पडला.

बायकांनी टाळ्या वाजवल्या. साहेब लगबगीने आले. त्यांनी पाठ केलेली असल्यामुळे पीळ पडलेला कोमल त्यांना दिसला नव्हता. त्यांनी दोन्ही हात पसरले. "बघितलंत? काकू, आता यांना सगळ्यांना तुमच्या तोंडून सांगा. तुम्ही रोज काय वापरता?"

हे साहेबांच्या मागे उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, बुटांकडे पाहिलं.

मला क्षणभर मौन धरण्याचा फार मोह झाला. कोणी काही म्हणालं नसतं, सगळ्यांना माहीत आहे मी मौन पाळते. पण सोयीसाठी धरलेलं मौन हे देवाच्या नावावर सांगितलेलं खोटंच असतं, आणि त्याला तर मुळीच क्षमा नाही. माझा आवाज मुळात लहान. मी बोलायला लागले की लोकांना गप्प बसावं लागतं, नाहीतर ऐकू येत नाही. तसं सगळे गप्प बसले.

"हा मी पन्नास दिवस रोज वापरला," मी कोमल दाखवून म्हटलं. "रोज घसरला. हातोडीचं डोकं तिसऱ्या दिवशी पडलं. मूठ माझ्या हातात मावत नाही, कारण ती हातासाठी केलेलीच नाही, हात नाजूक आहे अशा समजुतीसाठी केली आहे. हा काळा आमच्याच कारखान्याचा. हा तीस वर्षांपूर्वीचा आहे आणि याने काम होतं."

परवानगी विभागाच्या बाई घाम पुसत म्हणाल्या, "हा काळा कुठे मिळतो?"

"शेवटच्या पानावर," हे मागून म्हणाले.

साहेब वळले. हे पुढे आले. "यादीच्या शेवटच्या पानावर आहे, साहेब. गोदामात अकराशे पडून आहेत. त्या अहवालातली सगळी उत्तरं माझी होती. मी हिला विचारलं नव्हतं." आणि त्यांनी खिशातून वही काढून बायकांना विचारलं, "नावं लिहून घेऊ?"

संध्याकाळपर्यंत दोनशे चौदा नावं झाली. केस वाळवायच्या यंत्रवालीने तीन मागितले. तिची यंत्रंही बिघडायची. साहेब एका खोक्यावर बसून ती वही पानं उलटून उलटून वाचत होते. जाताना एवढंच म्हणाले, "सोमवारी बघू."

सोमवारी निकाल लागला. कोमल बंद, विभाग चालू, खुर्ची कायम. साहेबांनी काळ्याची मूठ जांभळी करायचं सुचवलं होतं. यांनी 'नको साहेब' म्हटलं. सव्वीस वर्षांतलं पहिलं 'नको', असं यांनी मला दोनदा सांगितलं. साहेबांनी एक अट मात्र घातली. यापुढे विभागप्रमुखाने स्वतः बायकांसमोर स्क्रू ड्रायव्हर चालवून दाखवायचा. काकूंना प्रत्येक ठिकाणी नेता येणार नाही.

ही अट ऐकवून यांनी काळा माझ्यासमोर ठेवला. मग म्हणाले, "एक सांगू? मी विकले पुष्कळ. फिरवलेला एकही नाही."

चार दिवस मी त्यांना शिकवलं. स्वयंपाकघरातल्या स्टुलावर, फळीत स्क्रू बसवून. घरी छान जमायचं. वन्संनी तर त्यांना पास करून टाकलं.

पहिलं प्रात्यक्षिक नोकरदार मुलींच्या वसतिगृहात होतं, रविवारी चार वाजता. ऐंशी जणी होत्या. मी शेवटच्या रांगेत बसले. यांनी नवा शर्ट घातला होता. त्यांनी फळी वर धरली, स्क्रू लावला, आणि पूर्ण जोर लावून उलट्या दिशेने फिरवायला सुरुवात केली. स्क्रू गळून पहिल्या रांगेत घरंगळत गेला. एका मुलीने तो उचलून दिला. यांनी घाम पुसला आणि पुन्हा उलटाच फिरवला. या वेळी फळीही पडली.

"काका, उजवीकडे!" ऐंशी जणी एका सुरात ओरडल्या.

"उजवीकडे म्हणजे माझ्या की तुमच्या?" यांनी विचारलं.

शेवटी एक मुलगी उठली, तिने यांच्या हातातून काळा घेतला आणि तीन वेढ्यांत स्क्रू आत घातला. मी डोळे मिटून नाम घ्यायला लागले. खुर्ची आता गेलीच, असं मला वाटलं.

त्या दिवशी ऐंशींपैकी शहात्तर जणींनी विकत घेतला. इतकी विक्री कारखान्याच्या इतिहासात एका बैठकीत कधी झाली नव्हती. साहेबांनी कारण विचारलं, तेव्हा वसतिगृहाच्या व्यवस्थापिका बाईंनी फोनवर सांगितलं, "तुमच्या त्या काकांना पाहिलं आणि प्रत्येकीची खात्री पटली, की हे काम आपल्याला नक्की जमेल."

तेव्हापासून सगळीकडे यांनाच पाठवतात. आणि मी त्यांना आणखी शिकवू नये, असा साहेबांचा मला निरोप आहे.